शंभर थेंबांची कुपी, आठ कोंबड्यांचे घर

पेडणे तालुक्यातील सर्व पंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंच सदस्य यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी याच तालुक्यातल्या एका वाड्यावर राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला सव्वीस वर्षे झाली. पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी परड्यातले खुराडे माझ्या ताब्यात दिले, ते आजतागायत माझ्याकडे आहे. अंडी विकून घरात काय काय आले त्याची यादी करत नाही, पण मुलीच्या बसचा पास कित्येक वर्षे त्याच पैशातून निघाला, एवढे सांगते.

आपल्याकडे मागणी एकच आहे. गोव्यात पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत रविवारी ग्रामसभा भरते. त्या चारही रविवारी, सभेच्या आधी, पहाटे, प्रत्येक वाड्यावर कोंबड्यांना मानमोडी या रोगाची लस मिळेल अशी व्यवस्था पंचायतीने करावी. लस मिळते. ती देणारे हात वाड्यावर आहेत. या सगळ्यांना एका वेळी एका जागी आणणारे कोणी नाही, आणि ते काम पंचायतीशिवाय कोणाला जमण्यासारखे नाही. हे का म्हणते ते समजावून सांगायला थोडे मागे जावे लागेल.

चार वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की सगळ्यांच्या आधी तांबडी बाहेर उडी मारायची. त्या दिवशी ती आतच बसून होती. पिसे फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, खाली हिरवट पाण्यासारखी विष्ठा. थंडी बाधली असेल असे समजून मी तिला डालग्याखाली वेगळी ठेवली, हळद कालवून पाजली. दुपारी डालगे उचलले तर तिची मान मागे पिरगळून पाठीला टेकली होती आणि चोच आभाळाकडे. पुढ्यात कणी टाकली. तिला खायचे होते, ती टिपायला वाकायची, पण चोच कणीवर पडायची नाही, वीतभर बाजूला जमिनीवर आपटायची. पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. मी तांदळाचे चार दाणे बोटाने तिच्या चोचीत घातले. गिळले की नाही कोण जाणे. दिवे लावायच्या वेळेला ती गेली.

त्याच संध्याकाळी आणखी तिघी तोंड उघडून श्वास घेत होत्या. एकीने घातलेले अंडे हातात घेतले तर त्याला कवचच नव्हते, नुसती पापुद्र्याची मऊ पिशवी. आठ दिवसांत माझ्या एकवीस पक्ष्यांपैकी एकोणीस गेले. गावची राखण करणाऱ्या देवचाराला द्यायचा म्हणून वर्षभर सांभाळलेला कोंबडाही त्यातच गेला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे कधी ना कधी झालेले असणार. आपण त्याला ‘मर आली’ म्हणतो आणि सोडून देतो. या मरीचे नाव रानीखेत. १९२० च्या दशकात उत्तराखंडातल्या रानीखेतला हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला, म्हणून ते नाव पडले. मान मोडल्यासारखी वळते म्हणून मराठीत तो मानमोडी. विषाणूचा रोग आहे, एकदा लागला की औषध नाही. लस न दिलेल्या कळपात शिरला तर खुराडे रिकामे करूनच थांबतो. आणि त्याला पाय लागतात ते आपलेच. आजारी कोंबडीची विष्ठा चपलेला लागून शेजारच्या परड्यात जाते, अंड्यांच्या ट्रेला लागून जाते, कोंबड्या विकत घ्यायला दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या पिंजऱ्यातून जाते.

मर आली की माणसे पहिल्यांदा काय करतात? ज्या अजून उभ्या आहेत त्या कापतात, नाहीतर विकतात. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभर कणी घालून वाढवलेला जीव डोळ्यांदेखत फुकट जाताना कोणाच्यानेही बघवत नाही. पण शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उभी केलेली ती वरून धड दिसणारी कोंबडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातल्या खुराड्यात असते, आणि तिथली मर सुरू होते.

कोंबड्या गेल्यावर मी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. उरलेल्या दोघींसाठी आणि नव्याने आणायच्या सहा-सात तलंगांसाठी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांसाठी, लस मागितली. तिथले डॉक्टर सरळपणे बोलले. ते म्हणाले, “बाई, सगळ्यात लहान कुपी शंभर कोंबड्यांची असते. एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची, उरलेली ओतून टाकायची. आठ कोंबड्यांसाठी मी ती कशी फोडू?” मला राग आला होता, आज तो राहिलेला नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. ही लस पोल्ट्रीवाल्यांचा हिशेब डोळ्यासमोर ठेवून भरली जाते. हजार पक्ष्यांच्या शेडला शंभरची कुपी लहान पडते. आमच्यासारखीला ती बारा पट मोठी पडते.

मग मी स्वतःच म्हापशाला जाऊन दुकानातून कुपी विकत आणली. दुकानदाराने ती कागदी पिशवीत घालून दिली, मी स्कूटरच्या डिकीत टाकली. मार्च महिना, भर बाराची वेळ, वाटेत बँकेत तासभर थांबले. घरी येऊन कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, उरलेले ओतले आणि निश्चिंत झाले. पुढच्या माघात पुन्हा मर आली आणि अकरापैकी आठ गेल्या. तेव्हा कळले की ही लस म्हणजे जिवंत विषाणूच असतो, कमजोर केलेला. तो फ्रीजच्या गारव्यात, दोन ते आठ अंशांत जगतो. डिकीतल्या उन्हात तो मेला होता आणि मी माझ्या कोंबड्यांच्या डोळ्यांत नुसते पाणी घातले होते. शिवाय वर्षाला एकदा पुरत नाही, दर तीन महिन्यांनी द्यावी लागते, हेही तेव्हाच समजले.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात आम्ही पाच घरे एकत्र आलो. कुपीचे पैसे वाटून घेतले. गावठी कोंबडी आज ज्या भावाला जाते त्याच्या मानाने ती रक्कम काहीच नव्हती. मासळीवालीकडून थर्माकोलचा डबा घेतला, घासून धुतला, त्यात बर्फ भरला. आदल्या रात्री पाचही घरी सांगून ठेवले की उद्या सकाळी खुराडी उघडायची नाहीत.

हा पहाटेचा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे मांडते. एकदा खुराडे उघडले की परड्यातली कोंबडी हाती लागत नाही. ती शेजारच्या काजूत असते, नाहीतर मांगराच्या कौलावर. तिच्यामागे धावून धावून माणसे दमतात, ती घाबरते, अंडी बंद करते. दवाखान्याची वेळ सकाळी नऊनंतरची. म्हणून “कोंबड्या घेऊन या” असे आम्हाला सांगितले जाते तेव्हा ते होत नाही. आळस हे कारण नाही, नऊ वाजता त्या आमच्या हातात नसतात. अंधारात मात्र खुराड्यात हात घातला की एकेक अलगद बाहेर येते.

कुपीत तळाशी पांढरी वडी असते, खडीसाखरेच्या खड्याएवढी. तिच्यासोबत मिळणारे गार द्रावण सुईने आत सोडले की ती क्षणात विरघळते. मग वरच्या तोंडाला ठिबकणी लावायची. धाकटी जाऊ कोंबडी काखेत धरायची, पंख दाबून, आणि एका हाताने तिचे डोके आडवे करायची. मी ठिबकणी डोळ्यावर उभी धरून एक थेंब सोडायची. थेंब डोळ्यावर बुबुळासारखा उभा राहतो. कोंबडी डोळा मिटते, उघडते, थेंब आत जातो, मग सोडायचे. न मिटता सोडले तर ती डोके झटकते आणि थेंब आपल्या हातावर. म्हणून मिटेपर्यंत थांबायचे, एवढीच त्यातली कला. दहावीतली मुलगीही शिकते. त्या दिवशी पाच घरांच्या सेहेचाळीस कोंबड्या आम्ही तासाभरात उरकल्या. चोपन्न थेंब ओतून द्यावे लागले. सहाव्या, सातव्या, आठव्या घरातल्या कोंबड्या हाकेच्या अंतरावर होत्या, पण त्यांना निरोप पोचला नव्हता किंवा पटला नव्हता.

जानेवारीत पुन्हा दिली. फाल्गुनात पलीकडच्या वाड्यावर मर आली, आमच्याही वाड्यात शिरली. लस न दिलेली खुराडी रिकामी झाली. आमच्या पाच घरांतल्या तीन कोंबड्या गेल्या, बाकीच्या उरल्या. ज्या बाईची सगळी पाखरे गेली ती माझ्या दारात येऊन म्हणाली, “तुमका खबर आसली, आमकां कित्याक सांगूंक ना?” मी सांगितले होते, पण रस्त्यात, घाईत, एकदाच. ते सांगणे पुरेसे नव्हते. तिचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, आणि हे पत्र त्या प्रश्नामुळेच लिहिते आहे. पाच घरे गोळा करणे माझ्यासारखीला जमते. वाड्यावाड्यातली सगळी घरे एका पहाटे जागी ठेवणे पंचायतीच्या नोटिशीलाच जमते.

आता आमच्या वाड्याचा हिशेब. गेल्या महिन्यात मी घरोघर जाऊन मोजले. एकतीस घरे, त्यांतल्या तेवीस घरी कोंबड्या, एकूण एकशे सत्त्याऐंशी. म्हणजे दोन कुप्या, आणि वाया जाणारे थेंब तेरा. दोघींची एक अशा दोन तुकड्या केल्या, एकेका तुकडीला बारा घरे दिली आणि घराला दहा मिनिटे धरली, तर दोन तासांत वाडा होतो आणि लसही दोनच तास टिकते. पहाटे पाचला सुरुवात केली तर सातला सगळ्यांची खुराडी उघडतील. जी कुपी एका घराला बारा पट मोठी, ती वाड्याला अगदी मापाची आहे.

पंचायतीने काय करायचे तेही सांगते, ते फारसे नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याला महिनाभर आधी पत्र द्यायचे की अमुक रविवारी आमच्या पंचायतीत इतक्या कुप्या लागतील. वाड्यावाड्यातली मोजणी स्वयंसाहाय्य गटांतल्या बायका करतील. शनिवारी संध्याकाळी कुप्या पंचायत कार्यालयातल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि ज्या पंचायतीत फ्रीज नाही तिथे अंगणवाडीशेजारच्या एखाद्या घरात. बर्फ आणि डबे. ग्रामसभेच्या नोटिशीखाली एक ओळ: “रविवारी सकाळी सात वाजेपर्यंत खुराडी उघडू नयेत.” पहिल्या वेळी डॉक्टरांनी अर्धा दिवस येऊन प्रत्येक वाड्यातल्या दोघींना थेंब कसा घालायचा ते दाखवावे. आठ आठवड्यांच्या पुढच्या तलंगांना कातडीखाली टोचायची दुसरी, जास्त टिकणारी लस असते, ती मात्र डॉक्टरांच्याच हातची. ती आम्ही मागत नाही. थेंब आम्हाला द्या.

कायद्याने ठरलेले हे चार महिने परड्यातल्या कोंबडीच्या वर्षाला कसे जुळून येतात ते बघून मला स्वतःलाच नवल वाटले. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की गावठी कोंबडी खुडूक होते. तेव्हा तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची. डालग्यात भाताचे तूस पसरून दहा-बारा अंडी घालतो, सातव्या रात्री मोबाइलच्या बत्तीवर एकेक अंडे धरून बघतो. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात ते ठेवायचे, जे पोकळ उजळते ते काढायचे. एकविसाव्या दिवशी पिल्ले. म्हणजे ऑक्टोबरच्या फेरीत आईला लस मिळालेली असते आणि ते बळ अंड्यातून पिल्लाला थोडे दिवस पुरते. पिल्लाला स्वतःचा पहिला थेंब साधारण आठवड्याचे झाल्यावर लागतो. तेवढा मधला एक दिवस वाड्याने वाड्यात जमवावा, त्याला ग्रामसभेची गरज नाही.

जानेवारीची फेरी सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यानंतर जत्रा, शिगमो, राखणी, पाहुणे. कोंबड्यांची खरी ने-आण तेव्हाच होते. लस दिल्यावर अंगात बळ यायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून माघ उजाडायच्या आत ती व्हायलाच हवी. एका वर्षी एकच फेरी जमणार असेल तर ती जानेवारीची करा.

एप्रिलविषयी फार सांगण्यासारखे नाही. उन्हाने कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, सावली आणि पाणी पुरे मिळाले की निभावतात. जुलैत जमीन ओली, तूस ओले. ओल्या तुसात पिल्लांना रक्ताची हगवण लागते, आणि डासांमुळे तुऱ्यावर देवीच्या पुळ्या येतात. लशीच्या आठवडाभर आधी पाण्यातून जंताचे औषध द्यावे असे डॉक्टर सांगतात. अशक्त कोंबडीत लस नीट धरत नाही, म्हणून. तेही याच फेऱ्यांना जोडून घेता येईल.

आणखी दोन गोष्टी अशा आहेत ज्या आमच्या हातात नाहीत, आपल्याच हातात आहेत. एक, चिकनच्या दुकानांचा कचरा. परवाना पंचायत देते. पिसे, आतडी, डोकी पोत्यात भरून रात्री नाल्यात आणि चढणीवरच्या वळणावर टाकली जातात. आमच्याकडे हमरस्त्यालगत अशा दोन जागा आहेत, तिथून जाताना नाक दाबून जावे लागते. कुत्री आणि कावळे ते ओढून परड्यात आणतात. शेजारच्या राज्यांतून आलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या गाडीत कुठला रोग होता ते आम्हाला कळायला मार्ग नाही, पण त्या कोंबड्यांचे आतडे आमच्या तुळशीवृंदावनापाशी येऊन पडते. परवाना नव्याने देताना कचरा कुठे जातो ते विचारा, आणि उत्तर जाऊन बघा.

दुसरी, मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा. मर आली की लोक त्या ओढ्यात टाकतात, कारण परड्यात खणायला गेले की खाली जांभा दगड लागतो आणि म्हाताऱ्या माणसाला पहारीने जांभा फुटत नाही. प्रत्येक वाड्यामागे विहिरीपासून लांब एक खोल खड्डा आणि दोन पोती चुना पंचायतीने ठेवावा. चुना टाकून पुरले की प्रश्न मिटतो.

लोक आजार लपवतात, हेही खरे आहे. त्यांना बर्ड फ्लूची भीती वाटते. २००६ साली आपल्या देशात तो पहिल्यांदा सापडला नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात, आणि तिथल्या कोंबड्या सरसकट मारल्या गेल्या. ती चित्रे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, डॉक्टरसुद्धा बघून खात्रीने सांगू शकत नाहीत. नमुना तपासावा लागतो, आणि बर्ड फ्लूची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. म्हणूनच लस घरोघर गेलेली हवी. ज्या वाड्यावर मानमोडीची लस नियमित दिली जाते तिथे एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर तो निरोप लगेच वर कळवायचा आहे हे सगळ्यांना समजेल. आज आठ-दहा मेल्या तरी ‘दरवर्षीचीच मर’ म्हणून कोणी कळवत नाही. आणि त्या दिवसांत मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, आजारी कोंबडी कापू नये, हे नोटिशीत लिहून टाका.

सरकारी योजनांतून पिल्ले वाटली जातात, तीही आपल्याच शिफारशीने मिळतात, म्हणून एक स्पष्ट बोलते. हैदराबादच्या संस्थेने तयार केलेली वनराजा आणि ग्रामप्रिया मी पाळली आहे. चांगले पक्षी आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ग्रामप्रिया त्याच्या दुपटीच्याही वर जाते. वनराजाचा कोंबडा अंगाने भरतो, मटणाला बरा. पण त्या रवणीला बसत नाहीत. गेल्या की गेल्या, पुन्हा विकतच आणाव्या लागतात. गावठी कोंबडी मुंगुसाला ओळखते, घार दिसली की घशातून एक आवाज काढते आणि सगळी पिल्ले पाल्याखाली गडप होतात. मोठ्या झालेल्या वनराजाला ते उमजत नाही. म्हणून माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि ग्रामप्रियाची अंडी मी गावठी कोंबडीखाली घालते. पण कुठलीही जात असो, लशीशिवाय दिलेले पिल्लू म्हणजे सहा महिन्यांनी पुरायचे पिल्लू. वाटपाच्या फोटोत पिल्ले हातात घेतलेल्या बायका मी पाहते आणि पुढच्या फाल्गुनात त्यातल्या किती खुराड्यांत काही हलते आहे, ते कोणी बघायला जात नाही. दहा पिल्ले कमी वाटा. त्या पैशात वाड्याला लस द्या.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. म्हणजे हा धंदा मोडीत निघालेला नाही, वाढतो आहे. या छोट्या कळपांसाठी बाहेर काय काय झाले आहे तेही बघण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने आय-टू नावाची उष्णता सोसणारी लस काढली. ती आफ्रिकेतल्या खेड्यांत घरोघर जाऊन, गावातल्याच माणसांच्या हातून, डोळ्यात एक थेंब घालूनच दिली जाते. आपल्या तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने दाण्यासारखी खाऊ घालायची लस केली आहे. अशी काही लस गोव्यात आणता येते का, हे पंचायतींनी एकत्र येऊन पशुसंवर्धन खात्याला विचारावे. एका बाईने विचारून उपयोग नाही. पण त्या लशीची वाट बघत बसायची गरजही नाही, बर्फाच्या डब्यातली आजची लस चांगली चालते.

काही जण म्हणतील, पंचायतीला रस्ते आहेत, पाणी आहे, कचरा आहे, कोंबड्या कुठे घेऊन बसता. त्यांना मी आमच्या वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या दाखवीन. दोघी एकट्या राहतात, मुले परदेशी. एकीकडे सहा, दुसरीकडे नऊ कोंबड्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-चार अंडी दुकानात जातात आणि साखर-चहा घरी येतो. कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, टरफले पाट्यावर बारीक करून त्या कोंबड्यांना घालतात, कवच घट्ट होते म्हणून. पाहुणा आला तर कोंबडा आहे, शागोती आहे, मान राहतो. मर आली की हे सगळे एका आठवड्यात जाते, आणि त्याची नोंद कुठल्याच नुकसानीच्या पंचनाम्यात होत नाही. गाय-बैल मेला तर तलाठी येतो. कोंबडी मेली तर शेजारीणसुद्धा विचारत नाही.

आणि देवचाराला कोंबडा द्यायचा आपला रिवाज. काही वयस्कर माणसे म्हणतात, राखण नीट झाली नाही म्हणून मर येते, लस काय करणार. मी राखण चुकवलेली नाही आणि चुकवणार नाही. पण चार वर्षांपूर्वी राखणीचा कोंबडाच मानमोडीने गेला आणि मला तो बाजारातून आणावा लागला. घरच्या परड्यात वाढवलेला, ज्याच्याकडे बघून वर्षभर गाऱ्हाणे मनात ठेवलेले असते, तो कोंबडा आणि पिंजऱ्यातून विकत आणलेला कोंबडा यांत फरक आहे. तो कोंबडा जगवायचा तर त्याच्या डोळ्यात थेंब पडलेलाच बरा, असे मी आमच्या गावकाराला सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि गेल्या जानेवारीत स्वतःची नऊ पाखरे खुराड्यात बंद ठेवली.

नव्या वसाहतींतून कोंबड्यांच्या आरवण्याविषयी तक्रारी येतात, त्याही आपल्याकडेच येतात. त्यावर मी इथे बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. एवढीच विनंती की अशी तक्रार आली म्हणून परड्यातल्या कोंबड्यांना नोटीस काढण्याआधी त्या घरी येऊन बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतोच, नाहीतर अंड्यातून पिल्लू निघत नाही.

येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आमच्या वाड्याचा ठराव लिहून तयार आहे. तेवीस घरांच्या सह्या झाल्या आहेत, दोन म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत. घरनिहाय कोंबड्यांची यादी सोबत जोडली आहे. आमच्या पंचायतीत तो मी मांडेनच. बाकीच्या पंचायतींतल्या पंचांना विनंती आहे की आपापल्या वाड्यात अशी मोजणी एकदा करून घ्या, त्याला दोन संध्याकाळी पुरतात. कोणाला थेंब घालायला शिकायचे असेल तर आमच्या पाच घरांतल्या बायका कुठल्याही गावात यायला तयार आहेत. फक्त बोलावणे पहाटे पाचचे असू द्या, आणि आदल्या रात्री खुराडी बंद ठेवायला सांगा.

आपली,
पेडणे तालुक्यातील एक रहिवासी